सातवीच्या इंग्रजीची उजळणी: तीन आठवड्यांचा वर्ग

लेक मराठी माध्यमात सातवीला. 2000 सालापासून आपल्याकडे इंग्रजी पहिलीपासूनच आहे, तरी उतारा समोर आला की तिचे हात गार पडायचे. म्हणून वार्षिक परीक्षेआधी आमच्या गल्लीतल्या निवृत्त बाईंच्या उजळणी वर्गाला तिला घातलं.

पहिल्याच दिवशी बाईंनी उतारा वाचू दिला नाही. आधी प्रश्न वाचायला लावले, त्यातल्या 'व्हाय', 'व्हेन'खाली रेघ मारायला लावली आणि मग उतारा. एवढ्यानेच तिची अर्धी भीती गेली. आधी ती प्रश्नातला शब्द उताऱ्यात दिसला की ते अख्खं वाक्य उतरवून काढायची.

लेखनात तिची हमखास चूक म्हणजे 'आय डिड नॉट वेन्ट'. आपण 'मी गेले नाही' म्हणतो, भूतकाळ 'गेले'त असतो, म्हणून मुलं 'वेन्ट' लिहितात. बाईंनी वहीत 'डिड'भोवती लाल गोल केला आणि म्हणाल्या, "भूतकाळ इथे येऊन गेला गं, आता पुढे साधं 'गो'." ते पान तिने अजून जपून ठेवलंय.

पत्रलेखनाला मात्र वेळ कमी पडला. दोनच पत्रं झाली, त्यातलं एक तपासून मिळालंच नाही. वीस मुलांत एकट्या बाई किती वह्या बघणार? झेरॉक्सही फिकट होत्या.

तरी पुढच्या वर्षी इथेच पाठवणार, फक्त महिनाभर आधी.