मंडळासाठी व्हॉट्सअ‍ॅप की मॅस्टोडॉन?

माणसं आधीच कुठे जमली आहेत, एवढंच पाहायचं तर व्हॉट्सअ‍ॅपला तोड नाही. वर्गणी, पाण्याची वेळ, रक्तदात्याची तातडीची गरज, सगळं आजीच्या फोनवरही पोचतं. संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणाला वाचता येत नाहीत. पण ग्रुपमध्ये १०२४च माणसं मावतात, आणि नियम ठरवणार कंपनी.

२०१६ साली आलेलं मॅस्टोडॉन हे पोस्ट टाकायचं, एकमेकांना फॉलो करायचं समाजमाध्यम, आणि ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणजे कुणीही घेऊन चालवावं. सर्व्हर (सगळ्यांची खाती आणि पोस्ट सांभाळणारा संगणक) स्वतःचा ठेवा, नियम स्वतःचे करा. अ‍ॅक्टिव्हिटीपब या खुल्या मानकामुळे दुसऱ्या सर्व्हरवरच्या लोकांशीही बोलता येतं. सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत नेता येतात, जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात. शिवाय खाजगी संदेश सर्व्हर चालवणारा वाचू शकतो. गावकीच्या भानगडी तिथे बोलू नयेत!

खरी मेख कायद्यात आहे. केंद्र सरकारच्या २०२१च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांनुसार ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मंचांवर जादा बंधनं येतात. मूळ संदेश कुणी पाठवला ते शोधून देण्याच्या अटीविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. छोटा सर्व्हर या जादा बंधनांतून सुटतो. तक्रार निवारण अधिकारी आणि आदेशानुसार मजकूर काढणं मात्र त्यालाही चुकत नाही. हौसेने सर्व्हर चालवणाऱ्या पोराला हे आधी सांगा.

माझं मत: निरोपानिरोपी व्हॉट्सअ‍ॅपवर, जाहीर चर्चा मॅस्टोडॉनवर. अट एकच, सर्व्हरचं भाडं आणि देखभाल एकट्याच्या गळ्यात नको.