आयसोव्हॅलेरिक ॲसिड, 100 मिली: माल एक नंबर, झाकण बोगस

आधीच सांगते, बाटली उघडल्यावर घामट मोज्यांचा आणि जुनाट चीजचा वास आला म्हणून एक स्टार देऊन मोकळे होऊ नका. माल खराब नाहीये, या मालाचा वासच तसा आहे. माझी तक्रार वेगळी आहे.

मी वडोदऱ्यात मकरपुऱ्याला एका लॅबमध्ये जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) काम करते. आमच्याकडे म्हशींच्या रुमेनचे (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्याचे) सॅम्पल येतात, म्हणजे चारा पोटात कसा आंबतोय ते बघायला. तिथले जंतू प्रोटीन फोडतात तेव्हा त्यातल्या ल्युसिन या अमिनो ॲसिडपासून हे ॲसिड तयार होतं, व्हॅलिनपासून आयसोब्युटिरिक, आणि गंमत म्हणजे चाऱ्यातले धागे पचवणाऱ्या काही जंतूंना स्वतः वाढायला हीच फांदीवाली ॲसिडं लागतात, त्यामुळे ॲसिटिक, प्रोपिओनिकच्या जोडीला याचाही आकडा द्यावा लागतो आणि आकडा द्यायचा म्हणजे तुलनेला स्टँडर्ड, म्हणजे शुद्ध नमुना, हवंच.

लेबलवर 99 टक्के लिहिलंय. मशीनवर लावून बघितलं, आलेखात एकच सरळ पीक (टोकदार उंचवटा) आलं, पण तेवढ्यावर खूश होऊ नका, मी झाले होते. आयसोल्युसिनपासून होणारं 2-मिथाइलब्युटिरिक ॲसिड याचं सख्खं भावंड आहे, फॉर्म्युला तोच, वजन तेच 102.13, उकळतं पण तिथेच 176 डिग्रीच्या आसपास, आणि मशीनमधल्या घटक वेगळे करणाऱ्या नळीतून, म्हणजे बऱ्याच कॉलमवर, दोघं एकमेकांच्या मांडीवर बसून बाहेर येतात. त्यामुळे एक पीक म्हणजे एकच वस्तू असं नाही. लॉटचं सर्टिफिकेट मागून घ्या आणि त्यात या भावंडाचा आकडा वेगळा दिलाय का बघा. मला दुसऱ्या दिवशी मेलवर मिळालं, आकडा वेगळा होता आणि अगदी किरकोळ होता, याचे पूर्ण मार्क. फ्लेवरवाले ‘नॅचरल’ म्हणून जे घेतात त्यात दोन्ही मिसळलेली असू शकतात. त्यांना चालतं, त्यांना याच्यापासून सफरचंदाच्या वासाचे एस्टर बनवायचे असतात (हो, याच घाणेरड्या वस्तूपासून). आपल्याला नाही चालत.

आता 100 मिली घेऊन मी चूक केली ती ऐका. घनता साधारण 0.93, म्हणजे 1000 पीपीएमचं (लिटरला एक ग्रॅम) 100 मिली मूळ द्रावण करायला जेमतेम 108 मायक्रोलिटर लागतं. म्हणजे ही बाटली माझ्यानंतर येणाऱ्या मुलीला पण पुरेल आणि तिच्या नंतरच्या मुलीला पण. छोटी मिळत असेल तर छोटीच घ्या.

आणि झाकण. काच चांगली जाड, लेबल पक्कं, पण झाकणाच्या आत प्लगच नाही, नुसता एक पातळ पुठ्ठ्यासारखा गोल! कुरियरवाल्याने खोका टेबलावर ठेवला आणि नाकाला कळलं. बाहेर थेंबभर पण सांडलेलं नव्हतं, नुसता वाफेचा वास, तरी खोका हातात घेऊन दोन मजले चढले तेवढ्यात ओढणीला लागला तो लागलाच. संध्याकाळी रिक्षावाला मागे वळून वळून बघत होता, शेवटी म्हणाला, "बेन, आ शेनी वास आवे छे?" घरी दांडिया बाजारला पोचले तर आजी दारातच म्हणाली, "तगर आणलीस का गं?" मी हसत बसले, पण आजीचं नाक बरोबर होतं, तगरीच्या (पांढऱ्या फुलांचं झाड नव्हे, औषधी मुळांची तगर) वाळलेल्या मुळांना तो जो उग्र वास येतो त्यात हेच ॲसिड असतं, आणि तगरीच्याच जातीतल्या व्हॅलेरियनवरून तर याचं नाव पडलंय.

वास सोडा, पण हे अंगावर घ्यायची वस्तू नाही हे नक्की. कातडी भाजते, डोळ्यात गेलं तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, लेबलवर तसं चिन्ह आहेच. फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) उघडा, चष्मा घाला, हातमोज्यावर शिंतोडा उडाला तर पुसत बसू नका, मोजाच बदला. थोडं सांडलं तर खायचा सोडा टाका, फसफसेल, मग त्याचं सोडियम मीठ होतं आणि मीठ उडत नाही, त्यामुळे वासही बसतो. आमच्याकडे आधी साबणाने पुसायचे आणि आठवडाभर एकमेकांच्या बुटांवर संशय घ्यायचे. वापरून झाल्यावर झाकणाला पॅराफिल्म (ताणून चिकटणारी मेणासारखी पट्टी) गुंडाळा, मग बाटली पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात. मी तेच करतेय.

विकणाऱ्याला झाकणाबद्दल लिहिलं तर उत्तर आलं, "मॅडम, या मालाला वास असतोच." अहो, मला माहितीये असतो, तो बाटलीत ठेवायचे पैसे दिलेत ना मी!

चार स्टार. ओढणी अजून गच्चीवर आहे.