बीएमआय की कमरेचा घेर?

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय (बॉडी मास इंडेक्स) मिळतो, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. हिशेब सोपा, पण स्नायू किती आणि चरबी किती हे त्यातून कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२! हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशी माणसं आपल्या प्रत्येक घरात असतात. बीएमआय त्यांना सहज ‘पास’ करतो.

कमरेचा घेर मोजणारी टेप इथे उजवी ठरते. पोटाच्या आतली, यकृताभोवतीची चरबी रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचं काम बिघडवते, आणि तिचा अंदाज कमरेच्या घेरावरून येतो. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा. मात्र पँटचा नंबर म्हणजे घेर नव्हे, पँट बेंबीखाली बसते! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजायचं. पोट आत ओढायचं नाही.

तरी बीएमआय सुटत नाही. वजन घटवण्याची इंजेक्शनं कुणाला द्यायची किंवा बॅरिएट्रिक (वजन घटवण्यासाठीची) शस्त्रक्रिया कुणावर करायची, हे मुख्यतः त्याच आकड्यावर ठरतं. शिवाय बीएमआय ३५ च्या पुढे गेला की घेर मोजून फारसं नवं काही हाती लागत नाही. सडपातळ दिसणाऱ्यांनी मात्र आधी टेपच काढावी.