जागच्या जागी इफडेफ की एकच कॉम्पॅट हेडर?

अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्याचा स्टॉक आणि बिलिंगचा प्रोग्रॅम माझ्या गळ्यात पडला, तेव्हा तो डॉसच्या टर्बो सी या जुन्या सी कंपाइलरमधून कधीतरी लिनक्सवर आणलेला होता. फरक पडेल तिथं इफडेफ (अमुक नाव ठरवलेलं असेल तरच पुढच्या ओळी कंपाइल करा, असं सांगणारी सूचना), असा कारभार. पुढे मी ते फरक एका कॉम्पॅट हेडरात, म्हणजे बाकीच्या फाइली आत ओढून घेतात अशा एका सामायिक फाइलीत, गोळा केले. म्हणजे दोन्ही रस्ते तुडवून झालेत.

जागच्या जागी इफडेफ असला की वाचणाऱ्याला फरक तिथल्या तिथं दिसतो. हेडरला मात्र नुसता हात लावला तरी सगळ्या फाइली पुन्हा कंपाइल होतात. चार-पाच फाइलींचाच मामला असेल तर मी तरी हेडरच्या भानगडीत पडणार नाही.

माझं मन फिरलं ते एका स्पेलिंगपायी. पार्टीचं नाव छोट्या अक्षरांत टाकलं तर बिलाच्या स्क्रीनवर सापडायचं, उधारीच्या स्क्रीनवर नाही. मालक म्हणाले, "पार्टी रोज हितं चहा पिऊन जाती, तुमच्या कॉम्प्युटरलाच दिसंना व्हय?" दोन दिवस मी डेटाच चाळत बसलो. चूक निघाली इफडेफ तपासत होता त्या मॅक्रोच्या नावात: एका फाइलीत ते 'हॅव'नं सुरू होत होतं, दुसरीत 'हॅज'नं. नाव ओळखीचं नसलं की इफडेफ गुपचूप 'नाही' धरून चालतो, त्यामुळे उधारीत छोटी-मोठी अक्षरं सारखीच धरणाऱ्या स्ट्रकेसकम्पऐवजी त्यांत फरक करणारा साधा स्ट्रकम्प लागला होता. ना एरर, ना वॉर्निंग. जीसीसी या कंपाइलरचं डब्ल्यू-अनडेफ हे वॉर्निंगचं स्विच लावून बघितलं, पण ते हॅश-इफ या वेगळ्या सूचनेतल्या अनोळखी नावावर बोलतं, इफडेफवर तोंड उघडत नाही.

हेडरात हा निवाडा एकदाच होतो. बाकीच्या फाइली आपलं एक फंक्शन बोलावतात. त्याचं नाव चुकलं तर निदान लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) अडवतो, आणि जीसीसी १४ पासून कंपाइलरच एरर देतो. हेडरची अडगळीची खोली होते, हे खरं. म्हणून आधी अनिफडेफ हे टूल चालवून डॉसच्या मेलेल्या फांद्या छाटा, मग उरलेलं आत घ्या. मिन-मॅक्ससारखे मॅक्रो दिलेला मजकूर जसाच्या तसा, कधी दोनदा, चिकटवतात; तेही जमेल तिथं स्टॅटिक इनलाइन फंक्शन करा, म्हणजे आय-प्लस-प्लस दिलं तरी आय दोनदा वाढत नाही.

२०२५ मध्ये आलेल्या जीसीसी १५ नं सी भाषेचं सी२३ हे मानकच डिफॉल्ट केलं आणि बूल हा कीवर्ड, म्हणजे भाषेचा राखीव शब्द झाला, तेव्हा इंटला बूल हे नाव देणारा आमचा 'टाइपडेफ इंट बूल' अडकला. तो हेडरात होता म्हणून एकाच जागी दुरुस्ती झाली. तुमच्यावर वेळ आली तर ती ओळ नुसती खोडू नका. आमचं रेकॉर्ड स्ट्रक्चर आहे तसं फाइलीत लिहिलं जातं. आमच्या मशीनवर इंट ४ बाइटचा, नवा बूल १ बाइटचा; आकार बदलला तर जुन्या फाइली चुकीच्या वाचल्या जातील. मी टाइप इंटच ठेवला, नाव तेवढं बदललं.