पाळीतला शेक: रबरी पिशवी, विजेची पिशवी की चिकटपट्टी?

पाळीत ओटीपोटात येणाऱ्या कळांवर शेक खरोखर लागू पडतो. प्रोस्टाग्लँडिन या शरीरात तयार होणाऱ्या रसायनामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळतो, त्याचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळ उठते. उबेने तो सैलावतो.

घरात असाल तर आमची पसंती साध्या रबरी पिशवीला. ती भाजते किंवा फुटते ती बहुतेकदा भरण्यातल्या चुकीने. उकळते पाणी थोडे निवू द्या, पिशवी दोन तृतीयांशच भरा, बूच लावण्याआधी दाबून हवा काढा, उलटी धरून गळती बघा. मग कापडात गुंडाळून १५-२० मिनिटे शेका. रबर कडक झाले किंवा घडीवर भेगा दिसल्या की ती टाकूनच द्या.

विजेच्या पिशवीत पाणी तापवायची कटकट नाही, पण वायर जोडलेली असताना ती अंगावर घ्यायची नाही. फुगलेली किंवा पाझरणारी पिशवी पुन्हा चार्जिंगला लावू नका. आपोआप बंद होण्याची सोय नसेल तर घेऊच नका.

कामावर, प्रवासात चिकटपट्टीला तोड नाही. पाकीट फोडले की आतली लोहाची भुकटी हवेने तापते. सुमारे ४० अंश सेल्सिअस ऊब बहुतेक पट्ट्या ८ तास देतात. तापायला वेळ लागतो, म्हणून चाहूल लागताच लावा. पट्टी कपड्यावर चिकटवायची की त्वचेवर, हे पाकिटावर वाचा. खाली बाम नको, झोपताना काढा. एकाच जागी सतत शेकल्याने त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात.

शेक पुरत नसेल तर इबुप्रोफेन हे वेदनाशामक. ते प्रोस्टाग्लँडिन तयार होणेच रोखते, त्यामुळे कळा वाढायची वाट पाहू नका. प्रौढांसाठी ४०० मिलिग्रॅम, खाल्ल्यावर, दोन गोळ्यांत ६ ते ८ तासांचे अंतर; डॉक्टरांना न विचारता दिवसात १२०० च्या वर नाही. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, वेदनाशामकाने बळावणारा दमा किंवा गरोदरपणाची शक्यता असेल तर ते घेऊ नका.

दोन-तीन पाळ्यांत एवढे करूनही कामे अडत असतील, दुखणे दर महिन्याला वाढत असेल किंवा पंचविशीनंतर नव्याने सुरू झाले असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. संबंधांच्या वेळी, शौचाला किंवा पाळी नसतानाही दुखणे, रक्तस्राव ७ दिवसांहून जास्त चालणे हीसुद्धा तपासणीची कारणे आहेत. मागे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे) किंवा फायब्रॉइड (गर्भाशयातल्या कर्करोग नसलेल्या गाठी) असू शकतात. ताप किंवा दुर्गंधी स्राव असेल तर त्याच दिवशी दाखवा. तासाला पॅड भिजत असेल, किंवा पाळी चुकलेली असताना एका बाजूला तीव्र कळ येऊन चक्कर येत असेल, तर शेकत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.