लेझर म्हणून आयपीएल: पैसे भरण्याआधी मशीनवरचं लेबल वाचा

आयपीएल म्हणजे ‘इंटेन्स पल्स्ड लाइट’, केस काढायला वापरतात तो तीव्र प्रकाशाचा झोत. तो लेझर म्हणून विकल्याचा, नाशिकमधल्या एका ब्युटी क्लिनिकमधला हा प्रकार आहे. लग्न ठरलेली मुलगी, रंग गव्हाळ, कामासाठी रोज नाशिकरोडहून सातपूरला स्कूटरवर ये-जा. चेहऱ्याला स्कार्फ असायचा, पण कोपरापासून खाली हात उघडे आणि उन्हाने चांगलेच टॅन झालेले. तिला ‘डायोड लेझर, केस कायमचे बंद’ असं सांगून सहा सिटिंगचं पॅकेज विकलं. सिटिंग दर १५ दिवसांनी आणि पैसे आगाऊ.

पहिल्या दोन सिटिंगनंतर हात गुळगुळीत दिसले. त्यामागची चलाखी आधी समजून घ्या. प्रत्येक सिटिंगच्या आदल्या दिवशी तिथेच तिचं वॅक्सिंग करून देत होते, तेही ‘फ्री’. वॅक्सने केस मुळासकट निघतो. प्रकाशाची उष्णता मुळापर्यंत पोचते ती केसातल्या मेलॅनिन या काळसर रंगद्रव्यामुळे. केसच नसेल तर शॉट, म्हणजे प्रकाशाचा झटका, वाया जातो. मात्र वॅक्सिंगमुळे पुढचे दोन-तीन आठवडे हात स्वच्छ राहतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं, लेझरने काम केलं. खऱ्या उपचाराआधी किमान चार आठवडे वॅक्स, थ्रेडिंग, प्लकिंग बंद ठेवतात आणि फक्त रेझर फिरवतात. कुणी उपचाराआधी वॅक्स करून देत असेल, तर तिथूनच उठून यावं.

तिसऱ्या सिटिंगला केस पुन्हा दिसायला लागले, म्हणून त्यांनी पॉवर वाढवली. आधी लहानशा जागेवर चाचणी (टेस्ट पॅच) नाही, टॅनची चौकशी नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही हातांवर दीड सेंटीमीटर रुंद, पाच सेंटीमीटर लांब, कडा रेखीव असलेले काळपट चट्टे उठले आणि काही ठिकाणी फोड आले. असा लांबट आयत हा बहुधा आयपीएलच्या काचेचा ठसा असतो. तिच्या मैत्रिणीने फोनवर काढलेल्या व्हिडिओत हँडपीसमध्ये (त्वचेवर टेकवतात तो मशीनचा भाग) ‘६४०’ लिहिलेली फिल्टरची काच बसवताना दिसली, तेव्हा शंकाच उरली नाही.

आयपीएल हे लेझर नव्हे. तो झेनॉन दिव्याचा झगझगीत प्रकाश असतो, साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटर (प्रकाशाची तरंगलांबी मोजायचं एकक) पट्ट्यात पसरलेला. फिल्टर फक्त काचेवर लिहिलेल्या आकड्याखालच्या लहरी अडवतो. लेझरची तरंगलांबी एकच असते: अलेक्झांड्राइट ७५५, डायोड ८०० ते ८१०, एनडी-याग १०६४. तरंगलांबी जितकी कमी, तितका त्वचेतलाच मेलॅनिन प्रकाश जास्त शोषतो. अँडरसन आणि पॅरिश या संशोधकांनी १९८३ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार योग्य लहर आणि योग्य लांबीचा पल्स (म्हणजे योग्य वेळ टिकणारा झोत) वापरला तर नेमकं लक्ष्यच तापतं. सावळ्या किंवा टॅन झालेल्या कातडीत मात्र केस आणि त्वचा दोन्हीकडे मेलॅनिन असल्याने हे नेमकेपण कमी होतं आणि वरचा थर भाजतो. म्हणून आपल्याकडच्या सावळ्या रंगाला १०६४ चं एनडी-याग सर्वात सुरक्षित, आणि चांगल्या कूलिंगसह लांब पल्सचा डायोडही चालतो. आयपीएल वाईट यंत्र नाही, गोऱ्या त्वचेवर जाणकाराच्या हाती ते कामाचं आहे. पण ते लेझरच्या भावात, लेझर म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे.

ओळख अवघड नाही. केस काढण्याचं वैद्यकीय लेझर वर्ग ४ मध्ये, म्हणजे सर्वात धोक्याच्या वर्गात मोडतं, त्यामुळे मशीनवर इशाऱ्याचं लेबल, वर्ग आणि नॅनोमीटरचा आकडा असतो. त्या लेबलचा फोटो मागा. एकाच हँडपीसमध्ये काच बदलून ‘पिंपल’, ‘गोरेपणा’, ‘केस’ असं सगळं करत असतील तर ते आयपीएल. मिटल्या पापण्यांतूनही लख्ख चमक जाणवली, तर तीही आयपीएलचीच खूण. डोळ्यांवर नुसता कापूस किंवा काळं कापड ठेवून चालत नाही. पूर्ण झाकणारे शील्ड हवेत, आणि भुवई आणि डोळा यांच्यामधल्या भागात शॉट घ्यायचाच नाही.

दर १५ दिवसांच्या सिटिंगचा हेतू पॅकेज लवकर संपवणं हाच. प्रकाशाचा उपयोग वाढीच्या अवस्थेतल्या केसांवरच होतो, आणि एका वेळी सगळे केस त्या अवस्थेत नसतात. चेहऱ्याला चार ते सहा आठवडे, हातापायांना सहा ते आठ आठवडे अंतर लागतं. ‘कायमचे बंद’ हा शब्दही खोटा. केस दीर्घकाळ कमी होतात, एवढंच प्रामाणिक माणूस सांगेल. पांढऱ्या केसांवर परिणाम होतच नाही. पीसीओएस (बीजकोशाशी निगडित हार्मोनचा बिघाड) असेल तर हनुवटीवर केस परत येऊ शकतात, आणि क्वचित चेहऱ्यावर केस कमी होण्याऐवजी वाढतात.

चट्टे आल्यावर ‘उष्णता बाहेर पडतेय’ म्हणत तिला बिनलेबलची क्रीमची डबी दिली. अशा डब्यांत स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन (रंग उजळवणारं औषध), ट्रेटिनॉइन (त्वचा सोलवटणारं औषध) काहीही असू शकतं, आणि भाजलेल्या त्वचेवर ट्रेटिनॉइन लावणं म्हणजे जखम आणखी चिघळवणं. भाजल्यावर लगेच वाहत्या साध्या थंड पाण्याखाली २० मिनिटं हात धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट नको. फोड फोडू नका. त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. काळे डाग जायला महिने लागतात आणि तोवर रोज सनस्क्रीन लागतंच.

पैशांचा भाग वेगळाच. तिचं पॅकेज ईएमआयवर होतं. ते कर्ज फायनान्स कंपनीचं, तिच्या नावावरचं. क्लिनिकला टाळं लागलं तरी हप्ते कापले जाऊ शकतात. शक्यतो प्रत्येक सिटिंगचे पैसे त्या-त्या वेळी द्या. बिलावर मशीनचं नाव, तरंगलांबी आणि प्रत्येक सिटिंगचं सेटिंग लिहून घ्या. बिल, तारखेसह फोटो आणि चॅट जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगातही अर्ज चालतो, म्हणजे क्लिनिक मुंबई-पुण्याच्या साखळीतलं असलं तरी नाशिकमध्येच तक्रार करता येते.