दोन हंगाम सोलर ड्रायर वापरल्यावर

टनेलवाला सोलर ड्रायर, म्हणजे प्लास्टिकने झाकलेला बोगदा, आत उन्हाने हवा तापते आणि पंखा ती बाहेर काढतो, मक्यासाठी दोन हंगाम वापरला, आता लिहितो, कारण पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं. आधी ताडपत्रीवर वाळवायचो, आभाळ भरून आलं की गोळा करायला पळापळ, रात्री दव पडून परत ओला, आणि मग खालच्या थराला तो कुबट वास. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष होऊ शकतं आणि ते शिजवूनही जात नाही, त्यामुळे मला हा विषय किरकोळ वाटतच नाही.

सगळे विचारतात आत किती तापतं, पण खरं काम पंख्याचं आहे हो. १ टन मका २० टक्के ओलाव्यावरून १४ वर आणायचा म्हणजे जवळपास ७० लिटर पाणी काढायचं, ती वाफ बाहेरच गेली नाही तर तापवून काय उपयोग? एकदा पंख्याची वायर सैल झाली होती, माझ्या लक्षातच नाही आलं, दुपारी बघतो तर प्लास्टिकला आतून थेंब लटकलेले आणि तेच टपटप दाण्यावर पडतायत. वायर घट्ट केली, थोड्या वेळात प्लास्टिक कोरडं. पंखा थेट सोलर पॅनलवर आहे, ऊन वाढलं की जोरात, ढग आला की हळू, बॅटरीची भानगडच नाही, हे मला फार आवडलं.

पण सलग ढगाळ दिवस आले की हे नुसतं छप्पर उरतं. पावसापासून माल वाचतो, वाळत मात्र नाही. विकणारा सांगतो तेवढा माल भरू नका, थर ३-४ सेंटीमीटरचाच ठेवा आणि मधूनमधून दंताळ्याने हलवत राहा.

ओलावा मोजायचं यंत्र (मॉइश्चर मीटर) नसेल तर काचेच्या कोरड्या बरणीत तिसरा हिस्सा मका, वर तीन-चार चमचे कोरडं मीठ, झाकण लावून चांगलं हलवा. मीठ काचेला चिकटलं की समजा ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, पोती भरायची घाई नको.

आणि बियाण्याचा माल असेल तर जपून, ४३ अंशांच्या वर गेलं की उगवणीवर परिणाम होतो आणि भर दुपारी आतलं तापमान त्याच्या पुढे सहज जातं. मी आत थर्मामीटर टांगलाय, काटा ४० ला आला की बाजूचं प्लास्टिक गुंडाळून वर करतो.